अंगमेहनत, मधुमेह आणि साखर उतरणे : खिशात साखरेची पुडी का ठेवावी?



आपला सारा व्यवहार साखरेचा. उतारा किती पडला यावर उसाचा दर ठरतो आणि दरावर घरचा संसार. उतारा घटला की आपल्याला झोप लागत नाही. आज मात्र आम्ही ज्या साखरेविषयी लिहीत आहोत ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजली जात नाही. ती तुमच्या-आमच्या रक्तातली साखर आहे.

मधुमेहाची गोष्ट निघाली की जो तो साखर वाढल्याचे बोलतो. "गोड बंद केलंय", "चहा बिनसाखरेचा", "अडीचशे निघाली" हे आता पारावरचे नेहमीचे बोलणे झाले आहे. साखर एकाएकी उतरते, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय वर्षानुवर्षे पोखरते. उतरलेली साखर अर्ध्या तासात धडधाकट गडी आडवा पाडते. रानात राबणाऱ्या, औषध घेणाऱ्या मधुमेही सभासदाला हा दुसरा धोका ठाऊक असलाच पाहिजे, आणि त्याच्या घरच्यांना त्याहून जास्त. म्हणून हा लेख.

रात्रपाळीच्या पाण्याची गोष्ट

समजा, नीरा डाव्या कालव्याच्या कडेचे एक सभासद आहेत. वय साठीच्या आसपास. नाव कोणतेही घ्या, आपण त्यांना आबा म्हणू. आठ वर्षांपासून मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेतात. माळकरी माणूस, सुपारीचेसुद्धा व्यसन नाही.

या आठवड्यात मोटारीची वीज रात्रीची आहे. दुपारभर आबांनी आडसाली उसाला खत टाकले. संध्याकाळी इन्सुलिन घेतले, पण वीज यायची वेळ झाली म्हणून घाईघाईने अर्धीच भाकरी खाल्ली आणि बॅटरी घेऊन निघाले. रात्री बारापर्यंत सरीमागून सरी भिजवली. एकच्या सुमारास गार वाऱ्यातही अंगाला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. दारे मोडायला खोरे उचलले तर कुठे घालायचे तेच कळेना. मुलगा बघायला आला.

"आबा, काय करताय? पाणी सगळं वाटंवर गेलंय. चला घरी."

"मला काय झालंय? हो तिकडं! मला शिकवतोस व्हय?"

आबा असे कधी बोलत नाहीत. जीभ जड, पाय लटपटत. शेजारच्या बांधावरून कोणी तरी म्हणतो, "आज घेतलेली दिसतीया. झोपू द्या तिथंच, सकाळपर्यंत उतरेल."

बंधूंनो, हे शेवटचे वाक्य जीवघेणे आहे. आबांना चढलेली नाही. त्यांच्या रक्तातली साखर उतरली आहे, आणि तसेच बांधावर झोपू दिले तर सकाळी ते उठतीलच असे नाही. या वेळी तीन चमचे साखर तोंडात पडली असती तर पंधरा-वीस मिनिटांत आबांनीच विचारले असते, "अरे, पाणी कुठपर्यंत आलं?"

साखर पिकवणाऱ्या माणसाला चमचाभर साखरेवाचून जीव गमवावा लागू नये, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. पुढचे सारे विवेचन त्याचसाठी.

हा शहरातला आजार राहिलेला नाही

"आम्ही घाम गाळणारी माणसं, आम्हाला कुठला मधुमेह?" असे म्हणण्याचे दिवस गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

"मी वाळका आहे, मला होणार नाही" हेही खरे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर मोठे काम केले आहे. २००४ साली त्यांनी आपल्या एका इंग्रज डॉक्टरमित्रासोबतचे छायाचित्र वैद्यकीय मासिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन अगदी सारखे. पण चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात सुमारे ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरसाहेबांच्या अंगात सुमारे २१ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या अंगात चरबी दडलेली असते आणि ती मधुमेहाला वाट करून देते. तेव्हा बारीक अंगलटीवर विसंबू नये.

साखर उतरते म्हणजे नेमके काय होते?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या एवढ्या रक्तात मिळून साखर असते किती? फक्त पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. त्या एका चमच्यावर मेंदू चालतो, हातपाय चालतात. पाचाचे साडेतीन ग्रॅम झाले की शरीर धोक्याची घंटा वाजवू लागते. १०० मिलिलिटर रक्तामागे ७० मिलीग्रॅमपेक्षा कमी साखर म्हणजे साखर उतरली असे डॉक्टर मानतात. ५४ च्या खाली गेली तर मेंदूचे काम बिघडू लागते आणि ती स्थिती गंभीर समजावी.

हे कसे घडते ते आपल्या पाण्याच्या भाषेत सांगतो. रक्त म्हणजे पाट, आणि त्यातली साखर म्हणजे पाणी. यकृत म्हणजे शेततळे. जेवणानंतरची जादा साखर तिथे साठते आणि पाट आटला की तिथून सोडली जाते. स्नायू म्हणजे उसाच्या सऱ्या. आणि इन्सुलिन म्हणजे दारे धरणारा गडी. तो दारे मोडतो तेव्हा साखर सरीत शिरते. तो कामावर असेपर्यंत शेततळ्याची तोटीही तो आवळून धरतो.

आता अंगमेहनत सुरू झाली की काय होते? भेगाळलेल्या रानात पाणी जसे आपोआप जिरते, तसे काम करणारे स्नायू गड्याची वाट न पाहता साखर ओढू लागतात. निरोगी माणसाचे शरीर हे ओळखते. ते गड्याला लगेच घरी पाठवते आणि शेततळ्याची तोटी उघडते. म्हणून दिवसभर मोळ्या वाहिल्या तरी त्याची साखर सहसा पडत नाही.

इन्सुलिन टोचून घेणाऱ्याचे तसे नसते. सुई मारली म्हणजे गडी ठरावीक तासांसाठी कामावर धाडला. त्याला मध्येच माघारी बोलावता येत नाही. स्नायू एकीकडून ओढताहेत, गडी दुसरीकडून दारे मोडतोय, आणि शेततळ्याची तोटी बंद. पाट कोरडा पडणार नाही तर काय होणार?

ही गोष्ट नवी नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याच सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी पाहिले की इन्सुलिन दिलेल्या सशांना झटके येतात आणि ग्लुकोज दिले की ते शुद्धीवर येतात. पुढे १९२६ साली लंडनच्या डॉ. लॉरेन्स यांनी, जे स्वतः मधुमेही होते आणि इन्सुलिनवर जगत होते, दाखवून दिले की इन्सुलिन घेऊन अंगमेहनत केली की साखर अधिकच खाली जाते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे हे ज्ञान आहे. ते आपल्या बांधापर्यंत पोहोचायचे राहिले आहे.

धोका कोणाला अधिक?

मधुमेह असलेल्या प्रत्येकाचीच साखर अशी उतरत नाही. ते औषधावर अवलंबून आहे. आपल्या गोळ्यांचे पाकीट चष्मा लावून वाचावे किंवा शिकलेल्या मुला-सुनेकडून वाचून घ्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांना धोका सर्वांत अधिक. त्याखालोखाल ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणाऱ्यांना. या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, मग पोटात भाकरी असो वा नसो. पुष्कळदा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत असतात, त्यामुळे "मी फक्त एकच गोळी घेतो" म्हणून निर्धास्त राहू नये. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर मात्र सहसा धोक्याइतकी उतरत नाही.

म्हातारपण आणि अशक्त मूत्रपिंडे असली तर औषध अंगात जास्त वेळ रेंगाळते, म्हणून अशांनी अधिक जपावे. दारूचे तर विचारूच नका. दारू यकृताला साखर सोडू देत नाही, म्हणजे शेततळ्याला कुलूपच. शिवाय तोंडाला वास येत असल्याने साखर उतरली आहे हे कोणाच्या ध्यानीच येत नाही.

ओळखावे कसे?

सुरुवातीची लक्षणे अशी : एकाएकी घाम, हाताला कंप, छातीत धडधड, कडाडून भूक, ओठ-जीभ बधिर वाटणे. पुढची लक्षणे मेंदूची : डोळ्यांपुढे अंधारी, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, चिडणे, विनाकारण भांडणे, चालताना झोक जाणे, साधी गोष्ट न सुचणे. त्यापुढे झटके आणि बेशुद्धी.

उन्हात काम करताना घाम तर सगळ्यांनाच येतो, मग कळायचे कसे? खूण अशी की हा घाम गार आणि चिकट असतो. काम थांबवून सावलीत बसले तरी थांबत नाही आणि सोबत थरथर असते. शंका आली तर ग्लुकोमीटरवर बोट टोचून पाहावे. यंत्र जवळ नसेल तर वाट न पाहता साखर खावी. साखर उतरलेली नसताना तीन चमचे खाल्ली तर फारसे बिघडत नाही. उतरलेली असताना न खाल्ली तर सगळेच बिघडते.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ज्यांचा मधुमेह जुना आहे किंवा ज्यांची साखर वारंवार उतरते, त्यांना ही सूचना मिळेनाशी होते. माणूस बोलता बोलता एकदम गोंधळतो. दुसरे असे की, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारख्या गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर दबून जाते, घाम तेवढा येतो. अशांच्या घरच्यांनी "आज हे असं का बोलताहेत?" या एका खुणेवर लक्ष ठेवावे.

तीन चमचे आणि पंधरा मिनिटे

उपाय सोपा आहे. पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात ढवळून प्यावी, नाही तर तशीच चघळावी. नंतर पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. बरे वाटले नाही किंवा यंत्रावर साखर अजून ७० च्या खालीच असली तर पुन्हा तेवढीच घ्यावी. बरे वाटल्यावर पुढच्या जेवणाला वेळ असेल तर भाकरी, चपाती किंवा केळे खावे, कारण चमच्यांची साखर तासाभरात संपते.

साखर नसेल तर गूळ चालतो, पण तो पाण्यात विरघळवून किंवा बारीक चावून घ्यावा. उसाचा लहान पेलाभर रस चालतो, अर्धा पेला साधे थंड पेय चालते. रानातच असलो तर ऊस आहेच की, असे कोणी म्हणेल. पण हात थरथरत असताना कोयता हाती धरू नये, आणि ऊस सोलून चावून पोटात जायला वेळ लागतो. खिशातल्या पुडीची सर त्याला नाही. बिस्किटे, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू हे पदार्थ या वेळी उशिरा लागू पडतात. ते नंतर खावेत. शुगर-फ्री गोळ्या आणि बिनसाखरेची पेये अगदी निरुपयोगी.

आता एक महत्त्वाचा अपवाद सांगतो, तो आपल्या कारखान्याच्या मालाविरुद्ध आहे. काहींच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध असते. ते आतड्यात साखर फुटू देत नाही. आपली पांढरी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोहोंच्या जोडीने बनलेली असते, आणि ही जोडी फुटल्याशिवाय ती रक्तात जात नाही. म्हणून अशा गोळ्या घेणाऱ्यांना आपली साखर, गूळ, उसाचा रस लवकर लागू पडत नाही. त्यांनी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. पाकिटावरचे नाव न चुकता पाहा.

माणूस बेशुद्ध असेल तर

तोंडात काहीही घालू नये. साखर नको, पाणी नको, चमचा नको. गिळण्याची शुद्ध नसल्याने ते श्वासनळीत जाऊन माणूस गुदमरतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. कुशीवर झोपवावे, तोंड मोकळे राहील असे पाहावे, सरीत पाणी असेल तर बांधावर घ्यावे. १०८ क्रमांकाला फोन करावा, किंवा जे वाहन मिळेल त्यातून जवळच्या दवाखान्यात न्यावे आणि गेल्या गेल्या सांगावे, "मधुमेही आहेत, अमुक औषध घेतात, साखर उतरली असेल." शिरेतून ग्लुकोज दिले की पुष्कळदा माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. पण गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर लगेच घरी आणण्याची घाई नको. गोळीचा अंमल दिवसभर किंवा त्याहूनही अधिक राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. डॉक्टर ठेवून घ्या म्हणाले तर ठेवावे. "आता ठणठणीत झालेत, चला" म्हणून गाडी वळवू नये.

कामाला जाण्यापूर्वी

हे सारे वाचून कोणी "मग कामच सोडतो" म्हणेल, तर ते चूक ठरेल. अंगमेहनत हे मधुमेहावरचे फार चांगले औषध आहे. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे घाम येईल असा व्यायाम करावा असे डॉक्टर सांगतात. इंग्लंडचा नावाडी स्टीव्ह रेडग्रेव्ह याला १९९७ साली मधुमेह असल्याचे कळले. इन्सुलिन घेत सराव करून त्याने २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आपले पाचवे सुवर्णपदक मिळवले. वसीम अक्रमही मधुमेह कळल्यानंतर इन्सुलिन घेऊन काही वर्षे वेगवान गोलंदाजी करीतच होता. मुद्दा काम सोडण्याचा नाही. औषध, भाकरी आणि काम या तिघांचा मेळ घालण्याचा आहे.

पहिले पथ्य : औषध घेतले की जेवण झालेच पाहिजे. वीज येऊन जाऊ द्या, बारे थोडे उशिरा लागू द्या, पण अर्ध्या भाकरीवर उठू नका.

दुसरे : कष्टाचे काम औषधाचा जोर असताना पडत नाही ना, ते पाहावे. आपल्याकडे पुष्कळ जण ३०/७० चे मिश्र इन्सुलिन घेतात. सकाळी सातला घेतलेल्या सुईतील संथ भागाचा जोर साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान असतो. नेमकी तीच वेळ रानातल्या कामाची आणि लांबलेल्या जेवणाची. तेव्हा दुपारची भाकरी लांबवू नये.

तिसरे : ग्लुकोमीटर असेल तर निघण्यापूर्वी मोजावे. ९० पेक्षा कमी असेल तर आधी केळे किंवा चपाती खाऊन मगच निघावे. ९० च्या वर असेल आणि काम तास-दीड तासाहून लांबणार असेल तर मध्येच न्याहारी करावी. २५० च्या वर असेल आणि मळमळ, ओकारी, पोटदुखी असेल तर काम बंद ठेवून डॉक्टर गाठावा.

चौथे : सुई मांडीला मारून लगेच चालायला किंवा सायकल मारायला निघू नये. काम करणाऱ्या अवयवातून इन्सुलिन लवकर शोषले जाते. पोटावर घेतलेले बरे.

पाचवे : नेहमीपेक्षा जास्त कष्टाचा दिवस असेल, म्हणजे लागण, बांधणी, लग्नघरची धावपळ किंवा वारी, तर डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. विशेषतः लहान वयापासून इन्सुलिनवर असणाऱ्यांनी तर कधीच नाही, त्याने जीव जाऊ शकतो.

सहावे : ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवताना साखर उतरली तर आपल्यासोबत दुसऱ्याचाही जीव जातो. दोन ट्रॉल्या ऊस भरून रस्त्याला लागणाऱ्या चालकाने साखरेची पुडी हाताशी ठेवावी. शंका येताच गाडी कडेला घ्यावी आणि बरे वाटल्यावरही पाऊण तास चाकावर बसू नये.

दिवसा राबले, रात्री उतरले

पुष्कळांना ठाऊक नसते की कष्टाचा परिणाम काम संपल्यावरही चालू राहतो. रिकामे झालेले स्नायू आपली कोठारे भरण्यासाठी रात्रभर रक्तातून साखर ओढतात. म्हणून दिवसा बांधणी केली तर मध्यरात्रीनंतर साखर उतरू शकते, आणि हा धोका चोवीस तासांपर्यंत राहतो. झोपेत घामाने कपडे भिजणे, भलतीच स्वप्ने पडणे, बरळणे, सकाळी डोके जड असणे या त्याच्या खुणा. अशा दिवशी रात्रीचे जेवण पोटभर घ्यावे, झोपण्यापूर्वी साखर मोजावी आणि उशाशी साखरेची डबी ठेवावी. कारभारणीने एखाद्या रात्री कपाळाला हात लावून पाहिला तर तो तपासणीच्या यंत्राइतकाच उपयोगी पडतो.

वारी, उपवास आणि शाळेतली मुले

आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीला मुक्काम करून काटेवाडीला येते. तिथे मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर करीत ती सराटीकडे जाते. आपल्या भागातली कितीतरी माणसे या वाटेवर चालतात, आणि बाकीची दारात उभी राहून वारकऱ्यांना पाणी, केळी, भाकरी देतात. रोज मैलोगणती चालणे हाही जबर व्यायाम आहे. मधुमेही वारकऱ्याने आपला आजार दिंडीच्या विणेकऱ्याला आणि शेजारून चालणाऱ्याला सांगावा. औषधाची चिठ्ठी आणि साखरेची पुडी पिशवीच्या तळाशी न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवावी. इन्सुलिन उन्हात किंवा ट्रकच्या काचेपाशी ठेवू नये, नासते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्याच्या गारव्यात, पाणी लागणार नाही असे ठेवावे. अनवाणी चालू नये, कारण मधुमेही पायाला फोड आलेला कळत नाही.

एकादशी करू नका, असे सांगणारे आम्ही कोण? पण नेहमीची गोळी घेऊन निर्जळी उपवास आणि वर दिवसभराचे काम, हा मेळ बसत नाही. उपवासाच्या दिवशी औषध कसे घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. रोजा ठेवणाऱ्या आपल्या मुस्लिम बंधूंनीही तसेच करावे. आणि साखर उतरलीच, तर त्या क्षणी उपवास मोडावा. पांडुरंग रागावणार नाही.

काही मुलांना लहानपणीच मधुमेह होतो आणि इन्सुलिनशिवाय त्यांचे चालत नाही. त्यांना खेळापासून दूर ठेवू नये. कबड्डी, खो-खो खुशाल खेळू द्यावे. मात्र वर्गशिक्षकांना आणि दोन मित्रांना लक्षणे समजावून सांगावीत. मूल खेळता खेळता पांढरे पडले, गप्प झाले किंवा उगाच रडू लागले, तर "नाटक करतो" म्हणण्याआधी साखर द्यावी.

आपल्या फडात तोडणीला येणारी माणसेही माणसेच आहेत. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या एखाद्याला मधुमेह असेल तर मुकादमाने ते माहीत करून घ्यावे आणि त्याला वेळेवर भाकरी खाऊ द्यावी. फडात कोणी भेलकांडत असेल तर शिवी देण्याआधी साखरपाणी द्यावे.

शेवटी

सणासुदीला कारखान्यातून सवलतीची साखर आपण घरी नेतो. त्यातली तीन चमचे साखर छोट्या पुडीत बांधून मधुमेही माणसाच्या बंडीच्या खिशात टाकावी, एक पुडी मोटारीच्या खोलीत ठेवावी. मुंग्या लागू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली तर उत्तम. ती खाण्याची वेळ न येवो. पण आली, तर ती सापडली पाहिजे.

खालील मजकूर कापून मोटारीच्या खोलीच्या भिंतीला चिकटवावा, ही विनंती.

१. मधुमेही माणूस घामाघूम, थरथरता, बरळता दिसला तर तो प्यायलेला आहे असे समजू नका.
२. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यास ग्लुकोज द्या.
३. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच द्या. नंतर भाकरी किंवा केळे द्या.
४. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा.
५. एकटे सोडून जाऊ नका.